मालगाडीचे पाहुणे

आमच्या गावात वाटेत कुणी भेटलं की माणसं विचारतात, "काय, बरं हाये का?" गेनूआबा विचारतात, "मागं मालगाडी हाये का?"

मी या गावची ग्रामसेविका. राहते तळेगावला. रोज सकाळी लोकलने मळवलीला उतरायचं आणि रुळाच्या कडेकडेने ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत चालत जायचं. या वाटेवर आबांचं भातखाचर आहे आणि खाचराच्या बांधावर आबा आहेत. बदली होऊन आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला मालगाडीचा प्रश्न टाकला. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मला चपलेपासून पर्सपर्यंत निरखून पाहिलं आणि म्हणाले, "शिकलेल्या दिसताय. मग जरा मागं वळून बघायला काय हुतं?"

तेव्हापासून मी कामशेत आलं की खिडकीतून मागे-पुढे बघत येते. डब्यातल्या बायका विचारतात, कुणी मागावर आहे का? काय सांगणार? सत्तरी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्याला मालगाडीची खबर द्यायची असते, हे सांगितलं असतं तर त्यांनी जागा बदलली असती.

एक सांगायला हवं, की गावाला मालगाडीचा तिटकाराच आहे. फाटक बंद होतं, ट्रॅक्टर खोळंबतात, लोकल मागे राहते. माझीही लोकल याच मालगाड्यांपायी कैकदा रखडली आहे आणि मी मनातल्या मनात त्यांना जे बोलते ते इतिवृत्तात घेण्यासारखं नाही. आबांचं मात्र सगळंच उलटं. त्यांच्या मते आधी मालगाडी जावी, मग माणसांच्या गाड्या. "माणूस नासत न्हाई, कांदा नासतो," हा त्यांचा सिद्धांत. तो ते लग्नात, मयतीत, सोसायटीच्या बैठकीत, कुठेही मांडतात. गावात एकदा मालगाडीपायी वऱ्हाड दोन तास उशिरा पोचलं. मुलीचा बाप हवालदिल झालेला. आबांनी मांडवातच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आरं, नवरदेव उशिरा आला म्हून कुटं नासला का? बघ, हाये तसाच हाये." नवरदेवाने ते ऐकलं. तो अजून आबांच्या दारावरून जात नाही.

तीन नंबर वॉर्डातून आबा बिनविरोध निवडून येतात. लोकप्रियतेमुळे नव्हे. समोर उभं राहिलं तर प्रचारात मालगाडीवर वाद घालावा लागेल, या धास्तीने कुणी अर्जच भरत नाही.

आता हे मालगाडीचं खूळ आलं कुठून? आबा कधी रेल्वेत नव्हते. सगळा जन्म भात केलं, चार म्हशी राखल्या. पण त्यांच्या खाचराला लागून एक बाजूचा रूळ आहे. पुढे लोणावळा, त्यापुढे घाट. वाट मोकळी होईपर्यंत मालगाडीला या बाजूच्या रुळावर घेतात आणि एक्सप्रेस, लोकल पुढे सोडतात. कधी घटकाभर, कधी अर्धा दिवस. इंजिन असतं तिकडे लांब मळवलीच्या अंगाला, आणि शेवटचा गार्डाचा डबा येतो बरोबर आबांच्या बांधाशी. त्या डब्यात एकटा गार्ड. बोलायला कुणी नाही आणि खाली उतरून लांब जायची सोय नाही.

मालगाडी थांबली की आबा किटली घेऊन निघतात. चहा, भाकरी, पिठलं, वर मिरचीचा ठेचा. गार्ड डब्याच्या पायरीवर बसतो, आबा खाली बांधावर. बिहारचा एक गार्ड त्यांना चाचा म्हणायचा आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी मागून घ्यायचा. मनमाडची एक तरुण पोरगी आहे, लहानग्या लेकीला शेजारणीकडे ठेवून येते, ती हल्ली वरचेवर असते. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, असं तिनेच आबांना सांगितलं. आबांनी डब्यात डोकावून पाहिलं. "म्यानेजर म्हंत्यात आन् बसायला ही फळी?" असं म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी तिच्यासाठी घरची गोधडी शिवून दुपदरी करून आणली.

आबांच्या घरी दुसरं कुणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लोणावळ्याजवळ तुंगार्लीत एका बंगल्याची राखण करतो. इथून तुंगार्ली ती केवढीशी दूर! पण शनिवार-रविवार बंगल्यावर पाहुणे, सणाला मालक, पावसाळ्यात तर गर्दीच गर्दी. एरवी साफसफाई. मी एकदा विचारलं, मुलगा येतो का हो? तर आबा तक्रारीचा सूर न लावता म्हणाले, "त्येच्याकडं पाव्हणं लय असत्यात."

हे सगळं असं चाललेलं असताना वरून पत्र आलं. लोणावळ्यापर्यंत रुळांची तिसरी-चौथी जोडी टाकायची आहे. धोरण दिल्लीचं, निधी दिल्लीचा आणि राज्याचा, पण वाटेवरच्या गावांनी पाठिंब्याचा ठराव द्यावा आणि रुळालगतच्या गायरानाची पट्टी सोडावी. माणसांच्या गाड्या एका वाटेने, मालाच्या दुसऱ्या, म्हणजे कुणी कुणासाठी अडून राहायला नको. मी नोटीस काढली आणि कचेरीच्या भिंतीवर नकाशा चिकटवला.

आबांचा आनंद काय वर्णावा! धुवट टोपी घालून ते घरोघर फिरले. ग्रामसभेला गणपूर्ती होणं ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट, पण आबांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा हाताला धरून आणलं. एका आजीबाईंना वाटलं, रेशनचं काही आहे. त्या पिशवी घेऊन आल्या.

सभा तापली. पोरांचा राग गायरानाच्या पट्टीवरून. तिथे त्यांचं क्रिकेटचं मैदान. "मग सरपंच चषक कुटं खेळायचा?" एकाने विचारलं. त्यावर आबा म्हणाले, "माज्या खाचरात खेळा. भात काढलं की रान रिकामंच हाये."

सरपंच तरुण, हुशार, बोलायला सफाईदार. त्याला ठराव अडवून धरायचा होता. आधी फाटकाच्या जागी भुयारी रस्ता द्या, मग पाठिंबा. त्याचंही चूक नव्हतं. तो म्हणाला, "आबा, आजपत्तुर या मालगाडीनं आपल्या गावाला दिलं काय? एक पोतं तरी उतरवलं का हितं?"

"तुज्या दुमजली घराचं शिमिट काय डोक्यावरनं आणलं का रं?" आबा म्हणाले. "आन् युरिया काय इंद्रायणीतनं वाहत येतो?"

सभा हसली. सरपंचही हसला. शेवटी भुयारी रस्त्याची मागणी ठरावात जोडायची असं ठरलं, आणि हात वर करायची वेळ आली. त्याआधी नकाशा समजावून सांगणं माझं काम होतं. मी नकाशावर बोट ठेवून एकेक सांगत गेले. आबांच्या खाचराजवळ आल्यावर बोट थबकलं. कामाची सुरुवातच तिथून होती. बाजूचा रूळ आधी उखडणार, त्या जागेवर भराव पडणार. मालगाडी यापुढे इथे थांबणार नाही. मी ते मोठ्याने वाचलं आणि आबांकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा वाचलं.

"कळलं की म्याडम," आबा म्हणाले, "हात वर करायचा का आता?" आणि सगळ्यांच्या आधी त्यांचा हात वर गेला. त्यांनी आणलेल्या म्हाताऱ्यांचे त्यांच्याकडे बघून गेले, मग पोरांचे गेले. ठराव मंजूर झाला.

सभा पांगली तरी मला राहवेना. मी आबांना कचेरीच्या पायरीवर गाठलं. म्हटलं, "आबा, रूळ गेला तर गाडी थांबायची नाही."

"त्येच तर पायजे."

"मग तुमच्याकडे येणार कोण?"

आबा पायरीवरच टेकले. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी सोलापूरकडचा एक कोवळा गार्ड बांधाशी अडकला होता. सकाळपासून गाडी हलेना. त्या दिवशी त्याच्या पहिल्या लेकीचं बारसं होतं. संध्याकाळी तो पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

"मी त्येला पिठलं दिलं," आबा म्हणाले. "आता पिठल्यानं काय बारसं हुतं का म्याडम? मला मातुर लय बरं वाटत हुतं. चला, आज दिसभर कुनीतरी बोलायला हाये. मग माजीच मला लाज वाटली. तो काय मला भेटाया आलता? तो अडकला हुता. अडकलेल्या मानसाला पाव्हणा म्हनायचं आन् आपुन खूश व्हायचं, हे काय बरं न्हवं."

कांदा नासतो म्हणून गावभर भांडणारा हा माणूस एवढी वर्षं कांद्यासाठी भांडत नव्हता, हे मला त्या पायरीवर कळलं. मी काहीतरी बोलायला गेले, पण आबा टोपी झटकून उठलेसुद्धा.

चार-सहा दिवसांनी काम आटोपून मी स्टेशनाकडे निघाले होते. उन्हं कलली होती. बाजूच्या रुळावर मालगाडी उभी होती. डब्याच्या पायरीवर गोधडी टाकून मनमाडची पोरगी बसलेली, आणि आबा किटलीतून चहा ओतत होते.

"आबा, ठराव झाला म्हणे तुमचा!" ती म्हणत होती.

"झाला. आता तुज्या पोरीला रोज रातच्याला तूच भरवायची. शेजारनीला सांगायचं न्हाई." आबांच्या चेहऱ्यावर घरचं लग्न जमल्यासारखा आनंद होता.

तिने कप तोंडाला लावला आणि तेवढ्यात लांबून इंजिनाचा भोंगा वाजला. एकेका डब्याला बसत हिसका शेवटच्या डब्यापर्यंत आला. तिने घाईघाईने अर्धा चहा तसाच आबांच्या हातात दिला, गोधडी ओढून घेतली आणि आत शिरली. "जा, जा, शिग्नल मिळाला," आबा ओरडले. गाडी हलली. तिने दारातून हात केला. आबा हात हलवत राहिले. वळणावर डबा दिसेनासा झाला तरी त्यांचा हात खाली आला नव्हता.

मग ते बांधावर बसले. भाकरीचं फडकं सोडलेलंच नव्हतं. त्यांना मी दिसले.

"या म्याडम," ते म्हणाले. आणि माझ्यामागे रुळाकडे बघत काळजीने विचारलं, "लोकल रखडली का आज?"

तिकडे स्टेशनावर लोकलची घोषणा चाललेली मला स्पष्ट ऐकू येत होती.

"नाही आबा, वेळेवर आहे," मी म्हटलं, आणि पर्स बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसले.