खरं खातं असं बोलत नाही

बायकोची दाढ चार महिने ठणकत होती आणि नवऱ्याने तिला एकच तारीख देऊन ठेवली होती: रिफंड आला की. म्हणजे जास्तीचा कापला गेलेला कर सरकारने परत केला, की त्यातून दातांच्या डॉक्टरचं बिल भागवायचं. तोवर तिने डाव्या बाजूने चावावं. नवरा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला होता, आणि दुसऱ्याला ताटकळत ठेवण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या इमारतीत कुणी नव्हता. सगळे त्याला अजूनही हेडक्लार्कच म्हणत.

एका सकाळी त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. आपला रिफंड बँकेकडून परत आला आहे, कृपया पोर्टलवर जाऊन आपले बँक खाते तपासावे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"फ्रॉड!" हेडक्लार्क कडाडला.

"कशावरून?"

"अगं, 'कृपया' म्हणतोय! वर माफी मागतोय! पस्तीस वर्षं खुर्चीत काढली मी. एकदा तरी मागितली का कुणाची माफी?"

हे मात्र बायकोला मान्य करावं लागलं. तरी ती म्हणाली, "अहो, पण यात लिंकबिंक काही नाहीये. आपणच पत्ता टाइप करून पोर्टल उघडायचं आणि रिफंड कुठवर आलाय ते बघायचं. आपली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली ना, तिथेच अडलं असणार."

"तू यात नाक खुपसू नकोस. डाव्या बाजूने चाव."

असे तीन मेसेज आले. तिन्ही त्याने खोडून टाकले आणि पाठवणाऱ्याला ब्लॉक केलं.

मग एक दिवस फोन आला. "करखातं," पलीकडचा माणूस खेकसला. "तुमची फाइल सापडत नाहीये. आणि साहेब जेवायला गेलेत." धाडकन फोन बंद.

हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "बघ! सकाळी साडेदहाला जेवायला गेलेत! याला म्हणतात खरं खातं!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, अर्जावरची सही जुळत नव्हती. तिसऱ्या दिवशी फोनवर कळलं, संबंधित बाबू रजेवर आहे. चौथ्या दिवशी मात्र फोनवाला घाईत होता. "रिफंड मंजूर झालाय. तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तो सांगा."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, अजिबात सांगू नका! त्या मेसेजमध्येच लिहिलंय, कुणाला देऊ नका म्हणून!"

"गप्प बस गं, ऑफिसचं काम चाललंय." मग फोनमध्ये अत्यंत मायेने, "देतो ना साहेब. फक्त तोंडी मागणी नियमात बसत नाही. लेखी पाठवा, जावक क्रमांक घालून."

"काका, दोन मिनिटांत संपतो तो ओटीपी!"

"मग मुदतवाढीचा अर्ज जोडा. वरिष्ठांच्या शिफारशीसह."

"अहो, कसले वरिष्ठ!"

"वरिष्ठ नाहीत? मग तुमचा चार्ज कुणाकडे आहे? तुमच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत..."

हे पंचवीस मिनिटं चाललं. तेवढ्यात सहा ओटीपी येऊन गेले. शेवटी पलीकडचा माणूस रडकुंडीला आला. "काका, फसवतोय हो मी तुम्हाला! चोर आहे मी! सोडा आता!"

"हेही तोंडी चालणार नाही," हेडक्लार्क म्हणाला, पण फोन बंद झाला होता.

त्याला दरदरून घाम फुटला. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो दुपारी आडवा झाला तेव्हा ती त्याचा फोन आणि पासवर्डची वही घेऊन बसली होती.

पंधरा दिवसांत घामाचा पराक्रम झाला. संध्याकाळी जिन्यापाशी शेजाऱ्यांचा घोळका जमवून हेडक्लार्क सांगत होता, "पहिल्या शब्दालाच ओळखलं मी! म्हटलं, चल, खेळवू बेट्याला!"

"मग खरा रिफंड आला का?" वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी विचारलं.

"येईल हो. खात्याची कामं अशी घाईने होत नसतात."

इतक्यात फाटकातून बायको आली. उजवा गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

"आआ," ती म्हणाली. बोळा काढून पुन्हा, "आला. परवाच. पोर्टलवर बँकेचं खातं दुरुस्त केलं मी, ते झालं लगेच. दाढ काढून आले."

"परवा? मग मला मेसेज कसा नाही आला?"

"ब्लॉक केलंय ना त्यांना तुम्ही."

घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर पुढे सरसावले. "वहिनी, माझाही अडकलाय हो. जरा बघता?" पाठोपाठ आणखी दोघांचे अडकल्याचं निघालं. बायकोने मान हलवली, बोळा परत दाढेच्या जागी दाबला आणि जिना चढू लागली. घोळका तिच्या मागोमाग. हेडक्लार्क कठड्याला धरून उभा राहिला.

वरून मास्तरांचा आवाज आला, "अहो हेडक्लार्क, रिकामेच आहात ना? तीन खुर्च्या आणा बरं."