दहा इंचांची फत्ते

पोरीच्या रायफलीची नळी किती लांब असावी, हा मजकूर दिसण्यात लहान. परंतु त्यापायी एका घरात पाच दिवस अबोला जाहला, सबब साद्यंत हकिकत लिहून ठेवणे प्राप्त आहे. पदरचे काही घातले नाही.

वीजमीटर तपासून निवृत्त जाहलेले राजमान्य काका यांनी आपले वडील बंधू दादा यांस नेमबाजीची, छोट्या काडतुसाची रायफल नजर केली होती, आणि नळी लांब तितकी गोळी जलद, ऐसा मनसुबा धरून अठ्ठावीस इंची नळी मुद्दाम बसवून घेतली होती. पुढे दादा निवर्तले, आणि रायफल त्यांच्या कन्येकडे आली, आणि रविवारचा संघनिवडीचा सामना येऊन ठेपला. वयाच्या अटीमुळे पोरीस ही अखेरची संधी. परंतु दहाव्या गोळीपासून तिचा डावा हात थरथरे, नळीचे तोंड खाली जाई, आणि गोळ्या काळ्या वर्तुळाबाहेर भटकत. मग पुतणीने नळी कापावी ऐसा अर्ज केला, आणि काकांनी हात बळकट करावा ऐसे फर्मान काढले, आणि अबोला पडला.

सहावे दिवशी पोरीच्या मातोश्री वहिनीसाहेब यांनी दोघांस घेऊन बंदूक दुरुस्तीचे दुकान गाठले. तेथील उस्तादाने काडतूस तळहातावर धरून अर्ज केला की, यातील दारू चिमूटभर. सोळा-सतरा इंचांत ती जळून खलास होते, पुढे गोळीस रेटणारे कोणी नाही, उलट नळीस घासून ती मंदावते. मोठ्या काडतुसास लांब नळी मानवते, यास अठरा पुरे. काकांनी हे साफ नामंजूर केले. मग उस्तादाने दुकानामागे वेग मोजायचे यंत्र मांडले, आणि दादांची रायफल व दुकानातील एक अठरा इंची, ऐशा दोहोंतून एकाच पेटीतल्या दहा-दहा गोळ्या झाडल्या, आणि अठरा इंची नळीची गोळी थोडी का होईना, जलद निघाली. मग मीटर कधी खोटे बोलत नाही ऐसे तीस वर्षे दारोदार बजावलेल्या काकांनी यंत्रच बिघडले आहे ऐसे जाहीर केले. उस्तादाने यंत्र बदलले. निकाल तोच आला.

मग काकांनी अखेरचा बुरूज धरला की, दादांच्या नळीस करवत लागणे नाही. उस्तादाने करवत खाली ठेविली, आणि पुतणीने तोंड फिरविले.

तेव्हा आजवर तटस्थ असलेल्या वहिनीसाहेब बोलत्या जाहल्या: “ह्यांनाही ती जडच जायची, भावोजी. तुम्ही एवढ्या हौसेनं आणलीत, म्हणून कधी बोलले नाहीत.”

काकांच्या मनास फार लागले. बहुत वेळ ते नळीवरून हात फिरवीत राहिले. मग त्यांनी रायफल स्वहस्ते उस्तादाचे हवाली केली आणि हुकूम फर्माविला की, अठरा.

उस्तादाने दहा इंच उतरविले, नळीचे तोंड सफाईने घासले, टोकावरील नेम धरण्याची माशी पुन्हा बसविली. रविवारी पुतणीचा हात शेवटच्या गोळीपर्यंत हलला नाही, आणि यादीत अगदी तळाशी का होईना, तिचे नाव लागले. कापलेला तुकडा काकांनी रुमालात गुंडाळून आपल्या कपाटात ठेविला. आणि घरी सर्वांस जाहीर केले की, नळी आखूड करण्याची मसलत मुळात आपलीच.

त्यावर वहिनीसाहेब, दादांप्रमाणेच, काही बोलल्या नाहीत. ऐसी फत्ते जाहली. जैसे घडले तैसे नमूद केले असे.