एका ढेकराचा बंदोबस्त

"एकवीस दिवस द्या मला, मोठेबाबा. फक्त एकवीस! त्यानंतर तुमच्या पोटातून आवाज आला, तर माझी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी चुलीत घाला!"

योगिनीनं हे छाती ठोकून सांगितलं आणि तिच्या काकांनी, म्हणजे उकंडरावांनी, उत्तर दिलं ते ढेकरानं. ढेकर असा की गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली आणि तिनं जबाबही दिला!

आता ढेकर कोणाला येत नाहीत? पण उकंडराव म्हणजे अमडापूरचा माईक. तीस वर्षं गावातल्या एकाही लग्नात दुसऱ्या कोणी माईकला हात लावला नव्हता. अक्षता पडण्याआधी पाहुण्यांचे सत्कार व्हायचे. कोणत्या मामाचं नाव कोणत्या आत्याच्या यजमानांआधी घ्यायचं आणि कोणत्या दोन साडूंना एकापाठोपाठ पुकारायचं नाही, हे सगळं उकंडरावांना तोंडपाठ. तीस वर्षांत एक पाहुणा रुसला नव्हता!

आणि मग गेल्या महिन्यात घात झाला. एका लग्नात ते 'शुभ मंगल' म्हणाले आणि 'सावधान' म्हणायच्या जागी ढेकर आला. माईकमधून, चार भोंग्यांतून, मारुतीच्या पारापर्यंत! लोकांना वाटलं, हीच खूण. सहाशे माणसांनी अक्षता फेकल्या, बँड सुरू झाला, फटाके उडाले. मुहूर्ताला अजून तीन मिनिटं होती, आणि नवरदेव हार कुठं ठेवला ते शोधत होता.

तेव्हापासून उकंडरावांना कोणी माईक देईना. एकवीस दिवसांनी गल्लीतल्या गीताबाईंच्या अर्पिताचं लग्न होतं, आणि तिथंही शाळेतल्या शेखर सरांचं नाव चालू होतं. शेखर सर शेर म्हणत. उकंडरावांच्या जखमेवर हे मीठच होतं.

"पोरी," उकंडराव म्हणाले, "गीताबाईच्या हातापाया पडून म्या माईक मागतो. लगन ढेकराबिगर पार पडलं, तर स्टँडावरची खोली तुही. पण ढेकर आला, तर पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं हाये ना, तिथं मुकाट्यानं जाय. कबूल?"

"कबूल!"

योगिनीला पुण्याला जायचं नव्हतं. तिला त्या खोलीत जातिवंत विरजण तयार करायचं होतं: जिवाणू मोजलेलं, चव ठरलेली, रोज सारखं लागणारं. उकंडराव तिथं म्हशीसाठी सरकीची ढेप ठेवणार होते. म्हणजे तिचं भवितव्य आणि ढेप यांच्या मधे एक ढेकर उभा होता!

ती पद्धतशीर मुलगी. आधी उकंडरावांना चिखलीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "आजार काही नाही. जेवायला वेळ नाही आणि चावायला सवड नाही, एवढंच." मग तिनं वही उघडली आणि काकांना समजावलं.

"बघा, पोटात चांगले जिवाणू असतात. ते मजूर. दह्यातून आपण अजून मजूर पाठवायचे, ते प्रोबायोटिक. मजुरांना शिदोरी लागते. ती म्हणजे तंतू, जे आपल्याला पचत नाहीत पण त्यांना पचतात. ते प्रीबायोटिक. आणि एन्झाइम म्हणजे हडंबा. आपण सोयाबीन कसं मळणीच्या मशीनमध्ये टाकतो? तसं अन्नाचे बारीक तुकडे करून देतो."

"म्हंजे माह्या पोटात मजूर, शिदोरी अन् हडंबा?"

"हो!"

"मंग आवाज त येनच की पोरी! हडंबा चालला अन् आवाज नाई, असं कुठं रायते?"

योगिनीनं वहीत लिहिलं: 'विषय शंकेखोर आहे.'

पहिला आठवडा शिदोरीचा. तंतूंची पांढरी भुकटी, रोज अर्धा चमचा, हळूहळू वाढवायची. उकंडरावांनी विचार केला, अर्ध्या चमच्यानं एकवीस दिवस लागतात, तर चार चमच्यांनी तीन दिवसांत काम होईल. हिशेब गणितानं बरोबर होता. पोटाला गणित येत नव्हतं!

तिसऱ्या दिवशी उकंडरावांचं पोट पेरणीच्या ट्रॅक्टरसारखं धडधडू लागलं. पहाटे पाचला गीताबाई दारात.

"उकंडभाऊ, रातभर काय सुतळी बॉम्ब फोडून राह्यले का? आमची अर्पिता झोपली नाई. नवरीच्या डोळ्याखाली काळं आलं त पाहुणे काय म्हणतीन?"

"गीताबाई, हे मजुरांचं जेवण चालू हाये," उकंडराव खजील होऊन म्हणाले.

"कोणते मजूर? कुठं हायेत?"

"पोटात."

गीताबाईंनी योगिनीकडे अशी नजर टाकली की जणू तिनंच काकांना वेड लावलं. जाता जाता म्हणाल्या, "माईकचं म्या शेखर सराले इचारतो."

योगिनीनं भुकटीचा डबा कुलपात टाकला. "घाई केली की जिवाणू एकदम गॅस करतात, मोठेबाबा! हळू म्हणजे हळू!" तिनं दोन दिवस विश्रांती दिली, मग पाव चमचा. आणि खरंच, आठव्या दिवशी आवाज निम्म्यावर आला. तिनं वहीत आलेख काढला. रेघ खाली उतरत होती. त्या रेघेच्या जोरावर तिनं गीताबाईंकडून माईक परत मिळवला, तोही लेखी!

दुसऱ्या आठवड्यापासून दही. तिनं शहरातून खास विरजण आणलं होतं, बर्फात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. एका मडक्यात ते लावलं, मडक्यावर 'अ' लिहिलं आणि मोठ्या आईला, म्हणजे पुष्पाबाईंना, बजावलं, "हे फक्त मोठ्या बाबांचं. दुसऱ्या कोणाला नाही."

पुष्पाबाई "हाव" म्हणाल्या. पण त्यांच्या सासूबाईंनी त्यांना एकच धडा दिला होता: दाराशी विरजण मागायला आलेल्या बाईला रिकामी वाटी घेऊन परत पाठवायचं नाही. आणि घरातली चांगली वस्तू घरात दडवायची नाही. हा धडा विद्यापीठापेक्षा जुना.

अठराव्या दिवशी योगिनीनं मडकं उघडलं. दही लाळेसारखं तारा सोडत होतं.

"मोठीआई, हे आपलं दही नाही!"

"आपलंच हाये व. वंदनाच्या घरचं हाये."

"वंदनाच्या?"

"आपलं सगळं देल्लं ना म्या वाटून. गल्लीभर नाव झालं, औषधाचं दही, औषधाचं दही. गुलनार आली, वंदना आली, गीताबाई आली. आपल्याले चमचाभर बी उरलं नाई. मंग वंदनाकडून वाटीभर आणलं. अन् वंदनानं तं आपल्याकडूनच नेल्तं ना! फिरून घरचं घरी."

योगिनीनं गल्लीचा नकाशा काढला. कोणत्या घरातून कोणत्या घरात विरजण गेलं, त्याचे बाण दाखवले. संध्याकाळपर्यंत नकाशा कोळ्याच्या जाळ्यासारखा झाला. मूळ विरजण अखेर गुलनारचाचीकडे सापडलं. तिनं ते वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यानं, झाकून जपलं होतं.

"औषध है बोले ना सब, बेटा," गुलनारचाची म्हणाली, "तो मैं संभाल के रखी. ले जा."

योगिनीनं तिला मिठीच मारली. विज्ञानाची लाज राखणारं एक तरी घर होतं!

लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता साडेअकराला, लगेच जेवणं. हडंब्याचं काम आज होतं: एन्झाइमच्या डब्यातली चिमूटभर पूड, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर. सकाळी साडेदहाला योगिनीनं कपाट उघडलं. डबा नाही!

ती मांडवाच्या मागं धावली. तिथं गल्लीतल्या बाया रिवाजाप्रमाणे आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन पुऱ्यांना बसल्या होत्या. वीस किलो कणीक भिजवून परातींत झाकून ठेवली होती. आणि पुष्पाबाई समाधानानं हात पुसत होत्या. शेजारी डबा. पालथा. रिकामा!

"मोठीआई! डबा कशात ओतलास?"

"कणकीत."

"सगळा?"

"म्हटलं एकट्या ह्याह्यचंच काऊन पचावं? सहाशे माणूस जेवणार हाये. सगळ्या मांडवाचं पचू दे!"

योगिनीनं परातीवरचं फडकं उचललं. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडत होतं. हडंबा कामाला लागला होता, पण पोटात नाही, परातीत! एन्झाइमनं कणकेचा चिवटपणा मोडून टाकला होता. गोळा बसला होता, पसरला होता आणि काठावरून सावकाश उतरून सतरंजीकडे निघाला होता. वंदनानं पुरी लाटायला गोळी उचलली, तर ती बोटांतून गळाली.

"व माय, ही कणीक हाये का लापशी?"

"पचून राह्यली," योगिनी हताशपणे म्हणाली. "खाण्याआधीच पचून राह्यली."

गीताबाई तिथंच मटकन खाली बसल्या. "वऱ्हाड आलं, अक्षता पडतीन, अन् पुऱ्या नाई! माह्या पोरीले सासरी आयुष्यभर ऐकून घ्या लागन!"

योगिनीनं मनात भराभर हिशेब केला. नवीन पीठ, नवीन कणीक, वीस किलोच्या पुऱ्या: दोन तास. "गीताकाकू, पीठ आणा. वेळ मी काढते."

ती मांडवाच्या पुढं पळाली. लाउडस्पीकरवाला शाकिर तारा जोडत होता आणि उकंडराव माईकसमोर घसा खाकरत होते. तिनं त्यांच्या कानात सगळं सांगितलं.

"दोन तास?" उकंडरावांचा चेहरा पडला. "बोलता बोलता हवा पोटात जाते, पोरी. दोन तासांत ढेकर येनच!"

"पुऱ्या आल्या नाहीत तर नवरीचं नाक कापलं जाईल. बोला!"

उकंडराव बोलू लागले. आधी मामांचे सत्कार, मग आत्यांच्या यजमानांचे. साडेअकराचा मुहूर्त आला, अक्षता वेळेवर पडल्या. 'शुभ मंगल' च्या पुढं 'सावधान' च आलं, आणि गीताबाईंनी डोळे पुसले. पण पुऱ्यांचा पत्ता नाही. मग उकंडरावांनी पाण्याच्या टँकरवाल्याचा सत्कार केला. मांडवाचे खांब रोवणाऱ्यांचा केला. ज्यांनी पूर्वी कधी शेला पाहिला नव्हता, त्यांच्या खांद्यावर शेला पडला. बँडवाल्यांचा, वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरचा, शेवटी खुद्द शेखर सरांचा! सर इतके भारावले की त्यांनी एक शेर म्हटला, त्यात अजून सहा मिनिटं निघाली.

शाकिर आवाजाच्या बटणावर बोट ठेवून तयारीत होता. "दीदी, आया तो मैं बंद कर देता!" योगिनी घड्याळ बघत होती. एक तास. दीड तास. दोन तास पाच मिनिटं, आणि मांडवामागून वंदना ओरडली, "पुऱ्या तयार!"

ढेकर नाही. एकसुद्धा नाही! पंगती बसल्या, पुऱ्या फुगल्या, वऱ्हाड खूश. नवरदेवाचा काका म्हणाला, "असा मानपान आमच्या खानदानात कोणी पाह्यला नाई!"

योगिनीची छाती दोन इंच फुगली. तिनं शेखर सरांना, शाकिरला आणि दोन अनोळखी पाहुण्यांना प्रोबायोटिक, प्रीबायोटिक आणि एन्झाइमचं तिहेरी शास्त्र समजावलं. पाहुण्यांनी टाळ्याही वाजवल्या. मग ती वही उघडून काकांजवळ गेली.

"मोठेबाबा, शेवटची नोंद. काल आणि आज काय काय खाल्लं?"

उकंडरावांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"काई नाई."

"काही नाही म्हणजे?"

"म्हंजे काईच नाई. तुही मोठीआई दही वाटून टाकते, तंतू उलटे पडते, म्हटलं आता आपल्या हाती काय राह्यलं? परवापासून ताट म्हशीपुढं सरकावून राह्यलो. पोटातच काई नाई, तं आवाज कायचा येईन?" आणि त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढून तिच्यापुढं धरली. "पण शब्द म्हंजे शब्द. घे."

शास्त्रानुसार हा प्रयोग बाद होता. प्रामाणिक माणसानं किल्ली परत करून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला हवी होती. योगिनीनं बराच विचार केला. जवळजवळ चार सेकंद.

मग किल्ली ओढणीच्या टोकाला घट्ट बांधली, आणि त्यानंतरच वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'निष्कर्ष काढता येत नाही. नमुना उपाशी होता.'