टेकडीपलीकडचा चेंडू

मला गोल्फ येतो. हो, सांगून टाकलेलं बरं! कोणी शिकवला नाही. ग्रंथालयातून पुस्तक आणलं, गच्चीवर जुनी सतरंजी अंथरली आणि पाण्याच्या दोन टाक्यांमधून चेंडू मारून मारून स्वतःच शिकले. तीन महिन्यांत एकच खिडकी फुटली, तीही आमचीच.

त्यामुळे नवऱ्याच्या साहेबांनी "रविवारी दोघंही टेकडीवरच्या मैदानावर खेळायला या" म्हटल्यावर मी एका पायावर तयार! नवरा मात्र घामाघूम.

"अगं, शाखाप्रमुखाची जागा रिकामी आहे. नाव साहेबच ठरवणार. जरा जपून खेळ."

"जपून म्हणजे?"

"म्हणजे... हरून."

"हरायचं तर तुम्ही हरा. तुम्हाला सवय आहे."

मैदान कसलं, उंटांचा कळपच बसला होता! एक पाय वर, एक पाय खाली, जिन्यात उभं राहून झाडू मारावा तसा चेंडू मारायचा. ज्यात तो घालायचा तो झेंडा लावलेला खड्डा टेकडीपलीकडे, त्यामुळे चेंडू तिकडे गेला की दिसेनासा. म्हणून तिथली पद्धत अशी, की एकाने आधी पलीकडे जाऊन थांबायचं, चेंडू कुठे पडले ते बघायचं आणि खांबावरची घंटा वाजवायची. घंटा झाली की बाकीच्यांनी निघायचं.

"मी जातो ना, साहेब!" नवरा स्वतःचा चेंडू कसाबसा टोलवून पळालाच. साहेबांच्या पत्नीही त्याच्यामागे गेल्या. त्या खेळत नव्हत्या, नुसत्या फिरायला आल्या होत्या. खांद्याला ही एवढी मोठी पिशवी!

मी मारला. काय उडाला म्हणता! साहेबांचा मात्र झाडाला थडकून, रडतखडत पलीकडे गेला. बऱ्याच वेळाने घंटा झाली. जाऊन बघते तर साहेबांचा चेंडू मऊ हिरवळीवर आणि माझा काटेरी झुडपात!

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"डोंगराचा अंदाज यायला वेळ लागतो, वहिनी," साहेब खुशीत म्हणाले.

मला दुसराच अंदाज यायला लागला होता. तीन चेंडू बघायला इतका वेळ? आणि त्या पिशवीत आहे तरी काय? दर वेळी बाई माझ्याकडे बघून गोड हसायच्या. तिसऱ्यांदा हसल्या तेव्हा माझी खात्रीच पटली.

"अहो, त्या बाई चेंडू हलवताहेत," मी नवऱ्याच्या कानाशी लागले.

तो पांढराफटक पडला. "काहीतरीच काय! मी असतो ना तिथे!"

"तुम्हाला समोरचं मीठ दिसत नाही, चेंडू काय दिसणार!"

चौथ्या वेळी मी चेंडूवर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला, मारला आणि "बुटात खडा गेलाय, तुमचं चालू द्या" असं साहेबांना सांगून झाडीतून पलीकडे सटकले. शेवटचा चढ तर चक्क रांगत. चोर मुद्देमालासकट पकडायचा होता!

पलीकडे बाकावर बाई पाठ करून बसल्या होत्या. पिशवीतून लोकर काढून स्वेटर विणत होत्या!

आणि खाली, झेंड्यापासून हातभर अंतरावर एक पुरुष वाकला होता. त्याने गुलाबी ठिपक्याचा चेंडू उचलला, झुडपापाशी नेला आणि तान्हं बाळ पाळण्यात ठेवावं तसा काट्यांत अलगद ठेवला. चेहरा दिसत नव्हता. पण ती पँट मीच सकाळी इस्त्री केली होती.

"अहो!!"

"अगं... ते... वाऱ्याने..."

"वाऱ्याला हात फुटले का? चारही वेळा?"

"चारही," मान खाली घालून तो म्हणाला. "तू फारच छान खेळतेस गं. साहेबांचं काय झालं असतं!"

बावीस वर्षांच्या संसारातलं सगळ्यात मोठं कौतुक आणि तेही असं काट्यांतून! रडावं की धपाटा घालावा, कळेना.

तेवढ्यात टेकडीवर साहेब उगवले. "काय झालं? कोण ओरडलं?"

सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य, की जागा गेली! मी नवऱ्याकडे पाहिलं. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोराचं तोंड.

"साप, साहेब! आत्ताच गेला!"

"जपा हो!" साहेब धापा टाकत खाली आले. "आमच्या नव्या शाखाप्रमुखांना चावला असता तर? परवाच सही केली मी. आज सांगावं म्हणून तर बोलावलं. खेळ काय, नुसती मजा!"

नवरा मटकन खाली बसला. झुडपातच.

मग राहिला शेवटचा डाव. आता कसली भीती? नवऱ्याला मी टेकडीच्या माथ्यावर, दोन्ही हात वर करून, मला दिसेल असा उभा केला. पलीकडे फक्त बाई. जीव ओतून चेंडू मारला. घंटा झाली. धावत गेले.

चेंडू झुडपात! झुडपातही नाही, त्यामागच्या डबक्यात!

"शप्पथ!" नवरा अजून हात वर करूनच उभा होता. "बाईंना विचार!"

"मी पाहिलं ना," विणता विणता बाई म्हणाल्या. "तुमचा चेंडू आपणहून गेला. अगदी सरळ."

आणि गोड हसल्या.

गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "त्या बाईंना तुम्ही आधी काही सांगून ठेवलं नव्हतं ना हो?"