जिभेच्या अध्यायावरचं मनन

माणसाला वाचा मिळाली ती परमेश्वराची स्तुती करण्यासाठी, याबद्दल जगातल्या यच्चयावत धर्मोपदेशकांचं एकमत आहे. प्रस्तावनाकाकांच्या चर्चच्या मंडळीत मात्र काहीजण खासगीत म्हणत, की वाचा देताना देवाने तिला एखादी कडी बसवायला हवी होती.

काका रेल्वेत उद्घोषक होते. गाडी उशिरा येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, यापलीकडे नोकरीभर बोलायची मुभा नव्हती. निवृत्त झाल्यावर ते बुधवारच्या प्रार्थनासभेत बायबलमधल्या अध्यायांवर मनन, म्हणजे छोटंसं प्रवचन, करू लागले आणि आत तुंबलेलं सगळं वाहू लागलं. उत्पत्तीचा पहिला अध्याय त्यांनी घेतला तेव्हा देवाने उजेड निर्माण करेपर्यंत बाहेर अंधार पडला होता.

अखेर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "काका, येत्या बुधवारी सभा तुमच्याच घरी. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय. आटोपशीर झालं तर वर्षभराचं मनन तुमच्याकडे. नाहीतर आपल्या मुख्याध्यापिकाबाई तयार आहेत."

तिसरा अध्याय जिभेला लगाम घालण्याबद्दल आहे. यातली कोपरखळी काका सोडून सगळ्यांना कळली. काका मात्र आनंदाने कामाला लागले. वर्षभराचं मनन! त्यासाठी त्यांनी प्रस्तावनेचीसुद्धा प्रस्तावना तयार केली.

बुधवारी दुपारी ते जरा आडवे झाले. मुक्कामाला आलेले साडूही आडवे झाले. दोघांच्याही कवळ्या नव्या. त्या सारख्याच दोन वाट्यांत, पाण्यात, बेसिनवर शेजारी शेजारी ठेवलेल्या. दारावरची बेल वाजली तेव्हा काका दचकून उठले, हाताला लागली ती कवळी तोंडात बसवली आणि हसतमुखाने दार उघडलं. हसू पूर्ण होण्याआधीच वरचे दात खाली आले.

साडूंचा जबडा भारदस्त होता.

काकांनी तोंड गच्च मिटलं. मंडळी आत येऊन बसू लागली. तेवढ्यात काकांची कवळी मुठीत धरून साडू पडद्याआडून खुणा करू लागले. ती त्यांच्या तोंडात शिरत नव्हती. पण भरल्या सभेत दात काढून द्यायचे कसे? काका मान हलवत राहिले.

"अहो, असे काय उभे?" काकू कुजबुजल्या. "आठवडाभर भिंतीला ऐकवताय, आता माणसं आली तर लाजताय?"

पाळकसाहेबांनी अध्याय वाचला. "काका, बोला."

काका मध्ये येऊन उभे राहिले. ओठ किंचित उघडले, दात घसरले, ओठ मिटले. त्यांनी तोंडावर हात धरला. कवळीची कड हिरडीत रुतली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अगं बाई, काका रडतायत!" कंपाउंडरची आई म्हणाली.

पाळकसाहेब काकांकडे निरखून पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "ते बोलत नाहीयेत. आपल्या लक्षात येतंय का? हेच मनन आहे."

खोलीत शांतता पसरली. त्या घरात ती पहिल्यांदाच आली असावी, कारण पंख्याची कुरकुर आजवर कुणी ऐकली नव्हती. बऱ्याच वेळाने कंपाउंडर उठला. "परवा मी भावाला फोनवर नको ते बोललो. आज घरी गेल्यावर माफी मागतो."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसला. "प्रभू, जे शब्द ओठांवर येऊन परत गेले, त्यांच्याबद्दल तुझे उपकार."

साडूंना राहवेना. ते तरातरा पुढे आले आणि काकांच्या तोंडाकडे बोट दाखवू लागले. पाळकसाहेबांनी त्यांना प्रेमाने खांद्याला धरून बसवलं. "बसा, बसा. तुमच्याही काळजाला भिडलंय, दिसतंय ते."

सभा संपता संपता मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःहून माघार घेतली. "वर्षभर काकांनाच करू द्या." "असंच करा, काका," पाळकसाहेब म्हणाले. काकांनी मान लववली आणि साडूंच्या जबड्याबद्दल देवाचे मनापासून आभार मानले.

मंडळी गेल्यावर दातांची अदलाबदल झाली. तोंड मोकळं होताच काका म्हणाले, "पाहिलंस? शब्दावाचून भिडलं सगळ्यांना! आता पुढच्या बुधवारी या मौनावर सविस्तर बोलतो. जाताना मुख्याध्यापिकाबाई तुझा हात धरून काय सांगत होत्या गं? फार भारावल्या होत्या."

"हो ना," कप गोळा करत काकू म्हणाल्या. "म्हणाल्या, बुधवारचा चहा आज पहिल्यांदा गरम मिळाला."