कोपरापर्यंतचं गुपित

सिनेटर थॅक्स्टन रुसले होते, आणि त्यांचा रुसवा काढणं हीच रोझलिन पिकेटची नोकरी होती. नदीपलीकडच्या हेरसंस्थेतले बाकीचे लोक जगभर हेरगिरी करत. रोझलिन मात्र रोज पूल ओलांडून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये यायची आणि सिनेटरांची मनं सांभाळायची. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. वाईट बातमी ही मंडळी पचवतात. पण तीच बातमी दुसऱ्या कुणाला आधी कळली, की त्यांच्या पोटात मुरडा येतो.

गेल्या महिन्यात संस्थेचा एक घोटाळा थॅक्स्टनसाहेबांना सकाळी अंडी खाता खाता वर्तमानपत्रातून कळला होता. हेरसंस्थेवर नजर ठेवणाऱ्या समितीचे अध्यक्ष ते, आणि शेजारणीला त्यांच्याआधी कळलं! "पुन्हा असं झालं, तर तुमच्या वर्षभराच्या खर्चाला माझा अंगठा खाली," असं त्यांनी बजावलं होतं. खर्चाचं मतदान आज दुपारी होतं आणि एकेका मताची मारामार होती.

त्यात आजच एका वर्तमानपत्राचा संस्थेला फोन आला. नवी भानगड त्यांच्या हाती लागली होती आणि संध्याकाळी ते ती छापणार होते.

"रोझलिन, पळ!" तिचा साहेब क्लेटर ओरडला. "मतदानाच्या आधी म्हाताऱ्याला गाठ. समोर बसून सगळं सांग. या वेळी चुकलीस, तर उद्यापासून तू आपल्या भेटवस्तूंच्या दुकानात. कप विकत बस."

"पण सर, हे प्रकरण तर वर्षभर चालू आहे. आजवर त्यांना कुणीच कसं सांगितलं नाही?"

"सांगायला तोंड पाहिजे ना! जा तू."

प्रकरण पुढे सगळ्यांना कळलंच, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. परदेशातल्या एका बंदराच्या गावात संस्थेने हेरांना लपायला जागा म्हणून बेकरी उघडली होती. तिथले दालचिनीचे रोल इतके खपू लागले, की हेर पहाटेपासून कणीक मळायचे आणि रात्री आडवे व्हायचे. वर्षभरात एकही बातमी आली नव्हती. मागणी आली होती ती दुसऱ्या भट्टीची.

गुपितं फक्त कॅपिटॉलच्या तळघरातल्या गुप्त खोलीतच बोलता येत. रोझलिन धापा टाकत तिथे पोचली, तेव्हा थॅक्स्टनसाहेब काठी टेकत आधीच आले होते. सत्तर कधीच ओलांडलेले, नेब्रास्काचे शेतकरी, चेहऱ्यावर मक्याच्या शेतावरचं सगळं ऊन. दारावरचा पहारेकरी ग्रिग्ज त्यांच्या कानाकडे टक लावून पाहत होता.

"साहेब, यंत्रं नवी दिसतायत."

"नातीनं दिली नाताळात. फोनला जोडता येतात," सिनेटर अभिमानाने म्हणाले.

"मग ती बाहेर ठेवावी लागतील. फोनला जोडतं ते आत चालत नाही."

"अहो, ती कानाची यंत्रं आहेत!" रोझलिन म्हणाली. "त्यांना ऐकू कसं येणार?"

"परवानगी मागता येते, मॅडम. तीन आठवडे लागतात."

"कुणाचे हे असले नियम?"

"तुमच्याच संस्थेचे," ग्रिग्ज नम्रपणे म्हणाला.

यंत्रं दाराबाहेरच्या खणात गेली, दोघं आत गेले आणि जाडजूड दार बंद झालं. रोझलिनने मन घट्ट करून बेकरीची सगळी कथा सांगितली. सिनेटर मधूनमधून मान डोलवत होते. किती समंजसपणे घेतायत, असं वाटून तिला भरून आलं.

"बरं," ती थांबल्यावर सिनेटर म्हणाले, "आता सुरू कर, पोरी. मला मतदानाला जायचंय."

त्यांना एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. मग तिने घसा साफ केला आणि ओरडली. भिंतीबाहेर आवाज जात नव्हता, तेव्हा हातचं राखायचं कारण नव्हतं. आजवर जी गुपितं तिने कुजबुजत सांगितली, त्या सगळ्यांचा वचपा काढून ती बोंबलली. "आपल्या हेरांनी बेकरी काढलीय!" खरं सांगायचं तर तिला मजाच वाटत होती.

"ओठ हलताना दिसतायत," सिनेटर म्हणाले. "काहीतरी मोठं दिसतंय."

लिहून द्यावं म्हटलं, तर घोडं तिथेही पेंड खात होतं. या खोलीतला प्रत्येक कागद मोजलेला आणि कपाटात बंद, आणि कपाटाची किल्ली असलेला माणूस जेवायला गेलेला. टेबलावर होतं फक्त खोक्यांवर खुणा करायचं जाड काळं पेन.

रोझलिनने डावी बाही वर केली.

बेकरी तळहातावर मावली. दालचिनीचे रोल मनगटापर्यंत आले, झोपलेले हेर त्याच्या वर. वर्तमानपत्राचं नाव लिहीपर्यंत कोपर लागलं. सिनेटर चष्मा नाकावर घेऊन, तिचा हात ज्योतिष्यासारखा उजेडात धरून वाचत गेले, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. आता फुटणार, असं वाटून रोझलिनने डोळे मिटले.

"तोटा किती?" सिनेटर गरजले.

तिच्या डाव्या हातावर जागा उरली नव्हती आणि उजव्यावर लिहायला हात नव्हता. सिनेटरना धीर निघेना. त्यांनी स्वतःच्या उजव्या बाहीचं बटण काढून हात पुढे केला. "लिही इथं!"

रोझलिनने लिहिलं, "तोटा नाही. नफा." आणि खाली आकडा टाकला.

सिनेटरनी स्वतःचा हात डोळ्यांजवळ नेला. "नफा," ते हळूच म्हणाले. "चाळीस वर्षं सरकारात आहे मी. हा शब्द सरकारी माणसाकडून पहिल्यांदा वाचतोय. आणि वर्तमानपत्राच्या आधी सांगितलंस, पोरी!"

रोझलिनला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात भिंतीवरचा दिवा लुकलुकला. मतदान सुरू झालं होतं.

तिने दार उघडलं. ग्रिग्जने दोघांचे हात पाहिले मात्र, गर्रकन तोंड भिंतीकडे फिरवलं. "मॅडम, ते गुपित आहे का?"

"हो. मी बाही खाली करते ना."

"बाहीला कुलूप आहे का?" ग्रिग्ज भिंतीला म्हणाला. "लिहिलेलं गुपित कुलपाच्या पिशवीतूनच बाहेर जातं. नाहीतर पुसा."

त्यांनी थुंकी लावून पाहिली, सिनेटरच्या रुमालाने घासून पाहिलं. कातडी लाल झाली, पण अक्षर हललं नाही.

"मग पिशवी आण!" रोझलिन किंचाळली.

"एकच आहे."

म्हणून एकाच पिशवीत रोझलिनचा डावा आणि सिनेटरचा उजवा हात गेला. ग्रिग्जने डोळे मिटून, चाचपत पिशवीची चेन ओढली आणि कुलूप लावलं. पिशवीबरोबर तिची किल्ली न्यायची नाही हाही नियमच, त्यामुळे किल्ली त्याच्याकडेच राहिली. या धांदलीत कानाची यंत्रंही खणातच राहिली.

मग ती दोघं धावली. सिनेटर डाव्या हाताने काठी टेकत, रोझलिन त्यांना ओढत, मध्ये पिशवी हेलकावे खात. लिफ्टपाशी पत्रकारांचा घोळका उभा होता.

"सिनेटर, पिशवीत काय आहे?"

सिनेटरना ऐकू आलं नाही. ते प्रसन्नपणे हसले.

"मॅडम, तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

रोझलिनने तोंडात मिठाची गुळणी धरली. पण तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं.

सभागृहात तिला जायची परवानगी नव्हती. तरी दाराच्या चौकटीतून अंगठा दाखवला तर मत धरतात. व्यायाम करता करता अर्ध्या चड्डीत आलेले सिनेटर नेहमी तसंच करतात. दोघं चौकटीत उभी राहिली. पत्रकार मागे आलेच होते. आतून नाव पुकारलं गेलं, "थॅक्स्टन!" सिनेटर छताकडे बघत होते. पुन्हा नाव आलं. तिसऱ्यांदा पुकारणार नाहीत, हे रोझलिनला माहीत होतं. तिने पिशवीच्या आत त्यांचा हात गच्च दाबला आणि जोरात ओढला.

सिनेटर दचकले. काठी तिच्याकडे फेकून त्यांनी डावा अंगठा उंच, अगदी छताकडे, वर केला. त्याच क्षणी मागे फोनचे कॅमेरे वाजले.

खर्च एका मताने मंजूर झाला. पण दुसऱ्या दिवशी रोझलिन क्लेटरसमोर उभी राहिली, तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. पहिलं पान भरून त्या दोघांचं छायाचित्र होतं. वर मथळा: 'हेरसंस्थेने हात ओढला, अध्यक्षांचा अंगठा वर'. बेकरीची बातमी आत कुठेतरी कोपऱ्यात होती, कुणी वाचलीही नव्हती.

"दहा वर्षं मी सांगतोय, सिनेटर आपल्या मुठीत आहेत असं दिसता कामा नये!" क्लेटर कपाळ धरून म्हणाला. "आणि तू काय केलंस? कुलूप लावून दाखवलंस!"

"मी दुकानात जाते, सर."

एवढ्यात फोन वाजला. समितीच्या उपाध्यक्षा, विरोधी पक्षाच्या सिनेटर विंडहॅम. क्लेटरने चेहरा फाशी जाणाऱ्या माणसासारखा केला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं.

"क्लेटर, मी वर्तमानपत्र पाहिलं. मला लाज वाटते."

"मॅडम, आम्ही माफी..."

"थॅक्स्टनला तुम्ही हाताला धरून गुपितं सांगता, दारापर्यंत सोडायला जाता. आणि मला? पाकिटातून एक कागद पाठवता! का? आम्ही विरोधी पक्षाचे म्हणून?"

दुसऱ्या फोनचा दिवा लागला, मग तिसऱ्याचा. समितीतल्या एकेका सभासदाला आपल्याला कमी लेखल्याची जाणीव होऊ लागली होती.

"नाही हो मॅडम, तसं कसं? पुढचं गुपित तुम्हालाही अगदी तसंच. हो, हातावरच. हो, कोपरापर्यंत." क्लेटरने फोन ठेवला आणि रोझलिनच्या हातांकडे पाहिलं. डाव्या हातावरची बेकरी अजून पुरती गेली नव्हती. "हा थॅक्स्टनच्या पक्षाचा झाला," तो म्हणाला. "विंडहॅमबाईंनाही हाच दिलास, तर पक्षपात होईल. दुसऱ्या पक्षाला दुसरा हात द्यायला हवा."

त्या दुपारपासून रोझलिन डाव्या हाताने लिहायला शिकते आहे.