साळुंके अप्पांचे पाव्हणे

परदेशातून येणाऱ्या माणसाकडून आमच्या गल्लीत लोक चॉकलेटं आणि सेंट मागवतात. साळुंके अप्पा घेवडा मागवतात. शेजारच्या पाटीलबाईंचा मुलगा कंपनीच्या कामावरून ब्राझीलहून परतला, तेव्हा त्याच्या बॅगेतून आधी अप्पांचे दोन किलो काळे दाणे निघाले. आईसाठी काहीच निघालं नाही. पाटीलबाई महिनाभर अप्पांशी बोलल्या नाहीत.

पुंडलिकनगरात अप्पा माझ्या समोरच्या घरात एकटेच राहतात. कृषी खात्यातून निवृत्त, वय पंचाहत्तर. माझं शिवणाचं मशीन खिडकीपाशी, समोर त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्याची खिडकी, मधे चिंचोळा बोळ. त्यामुळे न विचारता मला सगळं कळतं.

कुठलाही नवा दाणा आला की तो त्यांचा पाव्हणा. "पाव्हणा लई लांबून आलाय, आधी पाणी दाखवा," म्हणत त्याला रात्रभर भिजत घालतात. बोअरच्या पाण्यात दाणा शिजत नाही, म्हणून नळाचं पाणी फक्त पाव्हण्यांसाठी. स्वतः जारचं पितात.

ब्राझीलमध्ये हा काळा राजमा रोज भातावर घेतात म्हणे. अप्पांनी त्यात काळा मसाला घातला आणि एवढी साधी गोष्ट त्या लोकांना सुचली नाही म्हणून हळहळले. जपानी लोक बारक्या लाल दाण्यांचं गोड सारण करतात हे कळल्यावर त्याची पुरणपोळी करून मला आणून दिली. वाईट नव्हती. चांगलीही नव्हती. चिनी पद्धतीने काळं सोयाबीन खारवून आंबवलं, तेव्हा मात्र ती बरणी मी गच्चीवर ठेवायला लावली.

"वास नका बघू, ताई. सगळे आपल्या घेवड्या-चवळीचेच भाऊबंद," अप्पांनी समजूत घातली.

उन्हाळ्यात एका सकाळी नळ ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आला. कुकर गॅसवर ठेवून अप्पा पाइप घेऊन धावले. ड्रम भरला, बादल्या भरल्या, तांब्यासुद्धा भरला. इकडे शिट्टीत दाण्याची सालं अडकली, वॉल्व्ह उडाला आणि अख्खा ब्राझील छताला चिकटला. गॅस मी जाऊन बंद केला. मग पुण्याला त्यांच्या मुलीला, मनीषाला, फोनही मीच केला.

ती दुसऱ्याच दिवशी आली. शेगडी-सिलिंडर काढून टाकायचं आणि दोन वेळचा डबा लावायचा, हे ती ठरवूनच आली होती. हे जमत नसेल तर पुण्याला चला. अप्पा आशेने माझ्याकडे बघत होते. मी मनीषाच्या बाजूने होते, आणि तसं सांगितलं.

"निदान मुगाची डाळ तरी खायची होती, अप्पा," मनीषा म्हणाली. "वीस मिनिटांत होते. तेवढा वेळ तर गॅसपाशी थांबवेल."

अप्पा छताकडे बघत राहिले. "वीस मिनिटांत होती, व्हय," ते म्हणाले. "मग पुढं दिवसभर काय करू?"

मनीषा स्टुलावर चढून सुरीने छत खरवडायला लागली. मी स्टूल धरलं. बऱ्याच वेळाने खाली उतरली आणि शेगडीचं आता तुम्हीच ठरवा, असं मला म्हणाली.

मी अटी घातल्या. कुकर बंद, पातेल्यात शिजवायचं. गॅस पेटवताना खिडकीतून मला सांगायचं, बंद केला की पुन्हा सांगायचं. एकदा जरी विसरले तरी सिलिंडर मी स्वतः उचलून नेईन. अप्पा म्हणाले, मंजूर.

तेव्हापासून रोज दहाच्या सुमाराला समोरून आवाज येतो, आज मोठा पांढरा घेवडा, लावतोय. मी मशीन न थांबवता हं म्हणते. दुपारी पुन्हा आवाज येतो, उतरवला. ठरलं होतं ते एवढंच.

पण पातेल्यात दोन-अडीच तास सहज जातात. तेवढ्यात कधीतरी मी मशीन थांबवते आणि विचारते, "शिजला का, अप्पा?"

"नाय अजून," अप्पा म्हणतात, आणि का शिजला नाही ते पहिल्यापासून सांगायला लागतात.